नाव घातलेला पत्रा

१

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी जेवून कूलरसमोर आडवं व्हायचं, हा रिताचा दरवर्षीचा नेम. भंडाऱ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती मराठी शिकवायची. नदीपलीकडच्या कारधा गावाहून रोज पूल ओलांडून स्कूटीने जायची-यायची आणि वर्षभराची राहिलेली झोप मे महिन्यात भरून काढायची. यंदा तो नेम मोडला. जेवणं झाली, भांडी घासून पालथी घातली, आई ओसरीवर चिंचा फोडायला बसली, की रिता अंगणापलीकडच्या मागच्या खोलीचं कुलूप काढायची आणि आतले पितळी पत्रे एकेक करून उजेडात आणायची.

ते पत्रे ओरेस्ते मोन्तेब्रुनो नावाच्या इटालियन कवीचे होते. कवी म्हणायचा तो स्वतःला. लोक म्हणायचे चित्रकार, आणि बरेचजण म्हणायचे वेडा. तरुणपणी तिकडे तुरीन शहरात तो छापील पानांतून ब्लेडने शब्द कापून काढायचा आणि उरलेली भोकं चौकटीत घालून भिंतीवर टांगायचा. त्याचं एक अख्खं पुस्तक असं होतं की त्यात वाचायला काहीच नव्हतं, पानोपानी नुसत्या खिडक्या. एकदा कवितावाचनाला तो तोंड उघडं ठेवून गप्पच उभा राहिला, तेव्हा लोकांनी खुर्च्या फेकल्या होत्या. मग कुणाच्या तरी घरी त्याने भंडाऱ्याचा पितळी लोटा पाहिला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसं त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कुणा बाईचं नाव घातलेलं होतं. लोटा परदेशात, बाई कुठे कोण जाणे, नाव मात्र लोट्यावर. त्या लोट्याच्या मागे मागे तो भंडाऱ्याला आला. महिन्यासाठी म्हणून घेतलेली रिताच्या आईची, गोदावरीबाईंची मागची खोली त्याने मरेपर्यंत सोडली नाही. गावाने त्याच्या नावाचं वरसबाबा करून टाकलं. रिताला तो आठवत होता तो उंच, वाकलेला, हाताला कायम चिंचेचा आणि पितळेचा वास असलेला म्हातारा. ती शाळेत असतानाच तो तापाने गेला. गावानेच त्याला वैनगंगेच्या काठी नेलं.

आता इतक्या वर्षांनी तुरीनच्या एका कलासंस्थेला त्याचं प्रदर्शन भरवायचं होतं. तिथल्या कियारा नावाच्या बाईंनी कुठून तरी रिताचा पत्ता शोधला होता. पत्र्यांचे फोटो हवेत, प्रत्येकावर काय लिहिलंय ते हवं, तो शब्द गावात कुणाकडून आला हे कळलं तर फारच बरं. रिताने आनंदाने होकार दिला होता. आपल्या घरात असं काही पडून आहे, याचा तिला पहिल्यांदाच अभिमान वाटत होता.

प्रत्येक पत्र्यावर एकच शब्द होता. मागून ठोकून वर काढलेला, त्यामुळे समोरून उलटा दिसणारा. चिंचेच्या पाण्याने घासला की अक्षरं हळूहळू उजळायची. सुई. ओल. जांभई. साधेच शब्द.

त्या दुपारी शेजारच्या रत्नाबाई गप्पा मारायला आल्या होत्या. रिताने घासून ठेवलेला पत्रा पाहून त्या म्हणाल्या, "हा माहा हाये."

"तुम्ही दिलेला शब्द?"

"हाव. वरसबाबानं मांगला होता."

रिताने पत्रा फोनच्या कॅमेऱ्यात उलटा करून पाहिला. उंबरा. तरी तिने विचारलं, "कोणता शब्द दिला होता काकू?"

रत्नाबाईंनी दाराकडे बोट दाखवलं. "थोच. दरवाज्याच्या खाली रायते ना. आपन ज्याच्यावर पाय नाही देत."

"हो, पण त्याला काय म्हणतात?"

रत्नाबाईंनी तोंड उघडलं. ओठ जुळायच्या बेतात आले आणि तिथेच थांबले. जांभई मध्येच अडावी तसं ते तोंड क्षणभर उघडं राहिलं. मग त्या चिंचेची बोटं चाटत म्हणाल्या, "यंदा चिंच लय आंबट हाये, गोदाबाई."

रिताला हसू आलं. पण तिने आईकडे पाहिलं, तर आई हसत नव्हती. खाली मान घालून ती चिंचोके वेचत होती.

२

ते पत्रे ज्यांनी कापून दिले ते तुलाराम अजून होते. भंडाऱ्यात त्यांचा जुना कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट अंधारी खोली, मधोमध भट्टी, आणि रस्त्यापर्यंत ऐकू येणारी ठोकाठोक. आता धंदा मुलगा बघायचा. तुलाराम कोपऱ्यात पोत्यावर बसून जुन्या परातींचे पोचे काढायचे. रिता गेली तेव्हा त्यांची सून रुपा चहा घेऊन आली.

"वरसबाबा चांगला मानूस होता," तुलाराम म्हणाले. "कोनाले जबरदस्ती नाही केली त्यानं. एक दे म्हने. आपल्याजवर का शब्दाईले तोटा हाये?"

"पण घ्यायचे कसे ते?"

"समोर पत्रा धरे. तोंडाच्या अगदी जवर. म्हने, बोल. थोच शब्द. बोलतच राहा. आता तू कोनताबी शब्द घे आन् बोलत राहा, बोलता बोलता त्याच्यातला अर्थ निघून जाते. नुसती हवा रायते. तशी हवा राहिली का तो म्हने, बस्स. आन् ठोकाले बसे."

हे रिताला ठाऊक होतं. वर्गात ती मुलांना मुद्दाम करायला लावायची. 'पाणी' शंभरदा म्हणा, पाणी उरत नाही. पण दोन मिनिटांत ते परत येतं. मुलं हसतात आणि तास पुढे सरकतो.

"तुम्ही कोणता दिला काका?"

तुलारामांनी समोरच्या ऐरणीवर हात ठेवला. "हे."

"याला काय म्हणता तुम्ही?"

तेच झालं. ओठ हलले, आवाज आला नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काही दुखल्यासारखंही दिसलं नाही, नुसतं रिकामं. आणि मग ते शांतपणे हातोडी शोधू लागले.

रुपा तिला दारापर्यंत सोडायला आली. "ताई, बाबांले तो शब्द येतच नाही. माहं लगन झालं तवापासून पाहून राहिली मी. घरात सारे 'हे' म्हनतात. मलेबी तीच सवय लागली."

स्कूटी चालवताना रिता मनाशी हिशेब जुळवत राहिली. तुलारामांचं वय झालं. मेंदूत एखादी शीर दबते आणि माणसाचे शब्द जातात, हे तिने वाचलं होतं. पण एकच शब्द जातो का? आणि दोघांचा, ज्याने त्याने दिलेलाच? कदाचित वरसबाबाने गंमत म्हणून शपथ घातली असेल, दिलेला शब्द पुन्हा बोलायचा नाही म्हणून, आणि ही साधी माणसं ती अजून पाळत असतील. हे तिला पटलं. पुलावर पोहोचेपर्यंत ती त्या समजुतीवर जवळजवळ निर्धास्त झाली होती. फक्त त्या दोघांची उघडी तोंडं तिच्या डोळ्यांपुढून हटत नव्हती.

३

शेवटचा पत्रा कपाटामागे सापडला. तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता आणि बाकीच्यांपेक्षा लहान होता. रिता तो घासत होती तेव्हा आई दोनदा अंगणात येऊन परत गेली. अक्षरं उजळली. रिताने फोन वर धरला.

पडद्यावर तिचंच नाव होतं.

आधी तिला बरंच वाटलं. एका परक्या कवीने आपलं नाव पितळेत उतरवलं, कियाराबाईंना काय आनंद होईल. फोटो काढायला तिने पत्रा दाराशी नेला, आणि उंबऱ्याशी थांबून ती विचार करू लागली की हा शब्द कुणी दिला असेल.

मग तिने आठवून पाहिलं, आईने आपल्याला नावाने शेवटची हाक कधी मारली होती.

आई तिला पोरी म्हणायची. बाई म्हणायची. माहे माय म्हणायची, ऐक ना म्हणायची. शाळेत सोडताना, परीक्षेला जाताना, वडिलांच्या, बापूंच्या मयताच्या दिवशी गळ्यात पडून रडताना, सगळे आवाज तिने आठवले. बापूंच्या तोंडी नाव होतं, मास्तरांच्या होतं. आईच्या तोंडी ते कुठेच सापडेना. असं कसं होईल? आपण विसरलो असू. तिने नागपूरला भावाला फोन लावला.

"भूपेंद्र, आई मला काय म्हणते रे?"

"म्हणजे?"

"हाक काय मारते? तुझ्याशी माझ्याबद्दल बोलताना काय म्हणते?"

"थे म्हणते. थे आली का, थे जेवली का. काहून? काय झालं?"

"काही नाही," रिता म्हणाली.

आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. रिता पत्रा घेऊन तिच्यासमोर जाऊन बसली. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"माय, माझं नाव काय?"

"असं का विचारून राहिली पोरी."

"सांग ना एकदा."

गोदावरीबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांनी प्रयत्न केला. खरंच केला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, जीभ दातांमागे जाऊन थांबली. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

"तू तवा शाळेत जात होती," त्या पदराआडून म्हणाल्या. "तो रोज मांगे. म्या म्हटलं, बाबा, माह्याजवर कोनता शब्द हाये? तर म्हने, पोरीचं नाव दे. म्हने, तुमच्या बोलीत त्याचा अर्थ रिकामं भांडं असा होते, असा शब्द मी जलमभर शोधून राहिलो. मले का माहीत होतं. मले वाटलं, नाव का, रोज तर घेतो आपन. घे म्हटलं."

"मग?"

"मंग काय. नाही आलं तोंडात." गोदावरीबाईंनी सूप पुन्हा जवळ ओढलं. "आन् तू जराशी कमी दिसाले लागली."

"कमी म्हणजे?"

"दिसत होती. पन पाहा लागे. घरात असली तरी मले ध्यान देऊन पाहा लागे का तू हायेस."

रिताच्या मनात भलत्याच गोष्टी एकामागून एक येत राहिल्या. स्नेहसंमेलनात आभार मानताना तिचं नाव हमखास राहून जायचं. शिक्षकांच्या खोलीत तिच्या खुर्चीवर कुणीही बसायचं आणि मग दचकून उठायचं. आपण स्वभावानेच बुजऱ्या, असं तिने कधीचंच ठरवून टाकलं होतं. माणसाचं असं चालतंच, याला काय अर्थ आहे, असं ती स्वतःला सांगत राहिली. त्या रात्री जेवताना आईने दोन ताटं वाढली, आणि तिच्या ताटात भात वाढण्यापूर्वी क्षणभर तिच्याकडे टक लावून पाहिलं. हे आई रोजच करायची. रिताच्या लक्षात ते आज आलं.

४

कियाराबाईंना तिने व्हिडिओ कॉलवर एवढंच सांगितलं, की एक पत्रा घरगुती कारणाने पाठवता येणार नाही.

कियाराबाईंचा चेहरा पडला. "मोडू मात्र नका," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे त्यांच्या कापलेल्या पानांपैकी एक आहे. कुणीतरी ते भोक मागून कागद चिकटवून बुजवलं होतं. ते कुणालाच बघवत नाही. का, ते मला सांगता येत नाही. तिथे पूर्वी जे होतं ते परत आलंय असं वाटत नाही." मग त्या ओशाळून हसल्या आणि विमा, पेट्या, विमानभाडं यांबद्दल बोलू लागल्या.

रिता दोन दिवस विचार करत होती. आपण त्यावर विश्वास ठेवतो असं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. पण आईचं वय सत्तरीच्या पुढे गेलं होतं. या घरात एकदा तरी आईने आपल्याला हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं. आणि त्यासाठी एक पितळेचा तुकडा सपाट झाला तर तुरीनचं काय जाणार होतं? तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पत्रा टॉवेलात गुंडाळला आणि ती भंडाऱ्याला गेली.

तुलारामांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा तुहा हाये."

"माझ्या आईने दिलेला. सपाट करून द्या काका."

"माहा मी नाही केला कधी सपाट," तुलाराम म्हणाले. "हातात घेतला होता एकदा. पन नाही केला."

"का?"

"भेव वाटलं. येवढ्या वर्साचं थे. आता जिथं असन तिथं त्याले सवय झाली असन."

रिताने टॉवेलाची घडी घातली. "करा तुम्ही," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने पत्रा ऐरणीवर पालथा घातला आणि पहिला घाव घातला. शेजारी मुलगा परात ठोकत होता, तिचा नाद खोलीभर घुमत होता. पण या पत्र्यावर हातोडी पडली तेव्हा आवाज झाला नाही. जणू गादीवर मारावं तसं. तुलाराम थांबले, त्यांनी हातोडीकडे पाहिलं, पुन्हा मारलं. दुसऱ्या घावालाही तेच. रुपा चहाचे कप गोळा करत होती, ती तिथेच उभी राहिली. मुलानेही हात थांबवला. मग ते सगळे त्या मुक्या ठोकण्याकडे बघत राहिले. एक एक वळण बसत गेलं, काना आडवा झाला, वेलांटी पुसली. शेवटच्या घावाला पत्रा एकदम खणखणीत वाजला.

"झालं," तुलाराम म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. पत्रा कोरा होता, दुकानातून नुकताच आणावा तसा.

तिने स्वतःला चाचपून पाहिलं. काहीच झालं नव्हतं. हात हातासारखे, बाहेर रिक्षावाले भांडत होते, ऊन तसंच होतं. तिला स्वतःचं हसू आलं. रुपा दाराशी आली आणि म्हणाली, "पुन्हा या हं," आणि पुढे काहीतरी म्हणणार होती, ताई किंवा असंच काही, पण तिने ते म्हटलं नाही.

५

घरी पोहोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पुढच्या दारी स्कूटी लावताना तिला स्वयंपाकघरातून आईचा आवाज ऐकू आला.

"रिता."

इतका स्वच्छ. त्यात कसलाही अडथळा नव्हता, इतकी वर्षं तो शब्द तोंडातच होता असा. ती जागच्या जागी उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं.

"रिता, चहा झाला, ये."

"आली माय," ती म्हणाली आणि चपला तशाच टाकून आत धावली.

गोदावरीबाई चुलीशी पाटावर बसल्या होत्या. त्यांची पाठ तिच्याकडे होती आणि तोंड मागच्या दाराकडे, जिथून अंगणातली ती खोली दिसते. खोलीचं दार उघडं होतं. सकाळी तिने कुलूप लावलं होतं की नाही, हे तिला आठवेना. आईने चहाचा पेला पुढे धरला होता, त्या दाराच्या दिशेने.

"माय, मी इकडे आहे."

गोदावरीबाई वळल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. टक लावून, ध्यान देऊन पाहिलं नाही. नुसतं पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्यासाठी असतं ते हसू आलं. त्यांनी पदर सारखा केला.

"या बसा. कोनाकडे आल्या? रिता आतमंदी हाये, येते आता."

"माय, असं काय करून राहिली?"

"चहा घ्यान ना तुमी?" आई अदबीने म्हणाली. मग पुन्हा मागे वळून तिने हाक मारली, लाडाने, जशी लहान पोरांना मारतात तशी. "रिता. कोन आलं पाय बरं."

मागच्या खोलीत पितळ पितळावर घासल्याचा आवाज झाला. कुणीतरी पत्रे बाजूला सारून वाट करत होतं. मग अनवाणी पायांचा आवाज अंगणातून आला. हलका, लहान, घाई नसलेला. दाराच्या चौकटीला खालच्या बाजूला चार बोटं लागली. शाळेतल्या पोरीएवढी बोटं. ती काळपट पिवळी होती आणि त्यांना चिंचेचा वास येत होता, हे तिला इतक्या लांबूनही कळलं. एक हात पुढे आला आणि त्याने आईच्या हातातून पेला घेतला. हात आला तेवढाच. बाकीचं चौकटीच्या पलीकडे होतं आणि तिथे ऊन असूनही तिला ते दिसलं नाही, किंवा तिने पाहिलं नाही.

"सावकाश, पोळन," आई म्हणाली.

ती पुढे सरकली. आईच्या खांद्याला हात लावला. खांदा उबदार होता, घामेजला होता, तो ओळखीचा खांदा होता. "माय, माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "ती नाही. मी आहे. मीच..."

पुढचा शब्द तिला ठाऊक होता. तो दोन अक्षरांचा होता. तिने तोंड उघडलं.

गोदावरीबाई मान कलती करून, पाहुणीला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून हसत, ती आपलं नाव सांगेल याची वाट बघत राहिल्या.